कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी कशा मागाव्यात : जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

दहावी-बारावीला लेखनिक किंवा जादा वेळ मिळाला असेल, तर त्यामागची धावपळ बहुतेक वेळा शाळेनं केलेली असते. वर्गशिक्षक कागद मागून घेतात, शाळा नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवते, मंजुरी येते आणि विद्यार्थी पेपरला जाऊन बसतो. कॉलेजात असं कुणी मागे लागत नाही. प्रवेश अर्जातल्या ‘दिव्यांग’ रकान्यावर खूण केली म्हणजे काम झालं, असं समजणारी मुलं दरवर्षी भेटतात. ती खूण आरक्षणासाठी आणि वर पाठवायच्या माहितीसाठी असते. तिच्यावरून परीक्षेला तळमजल्यावरची खोली कुणी देत नाही.

परीक्षा विभागात बरीच वर्षं बसल्यामुळे टेबलाच्या या बाजूनं सगळं कसं दिसतं, ते मला माहीत आहे. आपल्याकडची माणसं मायाळू आहेत. ऑफिसात गेलात तर भाऊसाहेब खुर्ची देतील, पाणी विचारतील आणि ‘व्हई जाई, काळजी करू नको’ म्हणतील. खरी अडचण तिथूनच सुरू होते. तोंडी दिलेला शब्द तो देणाऱ्या माणसापुरता असतो. पेपरच्या दिवशी भाऊसाहेब रजेवर असतात आणि वरिष्ठ पर्यवेक्षक दुसऱ्या गावच्या कॉलेजातून आलेले असतात. त्यांच्या हातात कागद नसेल, तर मनात असूनही त्यांना एक मिनिट वाढवून देता येत नाही. म्हणून जी सोय लागणार आहे, ती आधी ठरवायची, लेखी मागायची आणि लेखीच मिळवायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आपण यात बसतो का?

पुष्कळ जण इथेच थांबतात, कारण दिव्यांग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कुबडी, पांढरी काठी आणि व्हीलचेअर एवढंच येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, बहिरेपण, ऐकू कमी येणं, हाता-पायाचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी आहेतच. शिवाय वाचन-लेखन-गणिताची विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, ऑटिझम, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर मुद्दाम थांबतो. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावच्या सातपुड्यात आणि चोपडा-यावलच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. पण त्याच्या नावानं कॉलेजात काही मागता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुखण्याचा झटका आला की मूल आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतं. मग हजेरी कमी पडते, इंटर्नल बुडते, जर्नल अपुरं राहतं आणि वर्गात मात्र ‘दांडीबहाद्दर’ असं नाव पडतं. या मुलांची गरज हजेरीत सूट, बुडालेल्या चाचणीची दुसरी तारीख आणि परीक्षेत बाकावर पाण्याची बाटली ही आहे. एक लक्षात ठेवा : सिकलसेलचा वाहक असणं आणि आजार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र आजारासाठी मिळतं.

आता टक्क्यांचं. प्रवेशातलं ५ टक्के आरक्षण, शिष्यवृत्ती आणि एसटीची सवलत यांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं. परीक्षेतल्या सोयींचं गणित वेगळं आहे. हात आखडत असल्यामुळे लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराला टक्केवारी दाखवून नकार मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, तो नकार चुकीचा ठरवला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ३ फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार प्रकरणातही न्यायालयानं हेच आणखी ठामपणे सांगितलं. त्यामुळे ‘तुझे ३० टक्केच आहेत’ असं कुणी म्हटलं, तर बोलणं तिथे संपत नाही.

पहिली पायरी : दवाखान्याचा कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल, तर आधी ते काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि मोबाइलवरूनही भरता येतो. आधार, फोटो, सही आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज भरताना दवाखाना निवडावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आपण सगळे त्याला ‘सिव्हिल’च म्हणतो. नंतर तपासणीला प्रत्यक्ष जावं लागतं. जाण्याआधी आपल्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते नक्की विचारा. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला पोहोचायचं आणि कानाचे डॉक्टर आज नाहीत असं ऐकायचं, हा त्रास एका फोननं वाचतो. अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या तर एका बैठकीत होत नाहीत, म्हणून हे काम प्रवेश पक्का होण्याची वाट न पाहता उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू करावं.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं आधारवर आणि अर्जात असू द्या. वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी, आडनावात ‘पाटील’ आहे की मूळ कुळाचं नाव, असल्या फरकांवरून अर्ज अडकतात. जुनं अपंग प्रमाणपत्र असेल तर फेकू नका, त्याच्या आधारे नवं कार्ड मागता येतं. प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं, तेही पाहा. तीन वर्षांच्या पदवीत दुसऱ्या वर्षी मुदत संपली, तर ऐन परीक्षेत धावपळ होते.

या कार्डावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते. तुम्हाला लिहिता येतं की नाही, हे त्यावर नसतं. अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सीचे विद्यार्थी यांना २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मागितल्यावर लेखनिक द्यायचा आहे. बाकीच्यांनी ‘या विद्यार्थ्याला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे व लेखनिक आवश्यक आहे’ असं वेगळं प्रमाणपत्र आणावं लागतं. ते जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक देतात. त्याचा नमुना ठरलेला आहे. परीक्षा विभागातून तो छापून घ्या आणि दवाखान्यात सोबत न्या. कोऱ्या लेटरहेडवर काय लिहायचं हे डॉक्टरांना दर वेळी माहीत असेलच असं नाही. बोर्डाचं दहावी-बारावीचं मंजुरीपत्र असेल तर तेही जोडा. त्यानं कॉलेजवर कायद्यानं बंधन येत नसलं, तरी आधी मिळालेली सोय नाकारायला हात आखडतो.

दुसरी पायरी : नेमकं काय हवं ते ठरवणं

‘मला दिव्यांगांच्या सवलती मिळाव्यात’ असा अर्ज आला की ऑफिस त्याचं काहीच करू शकत नाही. कसली सवलत? कुणी द्यायची? कधीपासून? आजाराचं नाव सांगण्यापेक्षा कुठे अडतं ते सांगितलं, तर काम पुढे सरकतं. कागद घ्या आणि फाटकातून आत येण्यापासून घरी परतेपर्यंतचा दिवस लिहून काढा. जिथे अडलं, तिथे काय असतं तर अडलं नसतं, तेही समोर लिहा.

व्हीलचेअरवरचा किंवा कॅलिपर लावून चालणारा विद्यार्थी असेल, तर लिफ्ट मागण्याआधी वर्ग खाली आणायला सांगा. लिफ्टला निधी, निविदा आणि वर्षं लागतात. वेळापत्रकातला खोली क्रमांक एका सहीनं बदलतो. उताराबद्दलही डोळे उघडे ठेवा. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांब उतार लागतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून घाईघाईनं ओतलेले, स्कूटर चढवायलाही भीती वाटेल असे उतार मी पाहिले आहेत. उतार आहे की नाही यापेक्षा एकट्याला चढता येतं का, हे लिहा. स्वच्छतागृहाचं दारही मोजा. दार अरुंद असेल, तर मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात. आपल्या एप्रिलमध्ये हा प्रकार धोक्याचा आहे.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उन्हाळी सत्राच्या परीक्षा येतात तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ पर्यंत जातो. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांच्या शरीराला घाम येऊन थंड होणं जमत नाही, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उष्णतेनं त्रास वाढतो, आणि अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलचा झटका येऊ शकतो. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची किंवा पत्र्याची खोली त्यांच्यासाठी गैरसोयीपलीकडची गोष्ट आहे. तळमजला, चालू पंखा, पाणी आणि जमल्यास सकाळचं सत्र एवढं अर्जात खुशाल लिहा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतही तसं लिहून घ्या.

दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल, तर नोट्स कोणत्या रूपात हव्यात ते सांगा. मोबाइल किंवा कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो म्हटलं की सर लोक वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळे होतात. तो फोटो स्क्रीन रीडरला, म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नीट वाचता येत नाही. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. कितीतरी मराठी नोट्स आणि प्रश्नसंच अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरं वाचतो. म्हणून अर्जात ‘युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल’ असेच शब्द वापरा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ग्रंथालयातल्या एका कॉम्प्युटरवर तो टाकून द्यावा, अशी मागणी करा. त्याला पैसा लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही उरत नाही. क्रमिक पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा.

ऐकू कमी येणाऱ्यांनी पहिल्या बाकाबरोबर आणखी दोन गोष्टी मागाव्यात. फळ्याकडे तोंड करून शिकवू नये, आणि तारीख, गृहपाठ, सूचना ग्रुपवर लिहून टाकाव्यात. तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी मिळावेत, हेही आधीच ठरवा, नाहीतर बाहेरून आलेले परीक्षक तीच ओळ तीनदा ओरडून विचारतात. अध्ययन अक्षमता असेल, तर जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती आणि शुद्धलेखनाचे गुण न कापणं या मागण्या नेहमीच्या आहेत. मानसिक आजारात वेगळी खोली, अधूनमधून पाच मिनिटं बाहेर जायची मुभा आणि गैरहजेरीचा विचार. एवढ्यासाठी आजाराचा सगळा इतिहास कुणाला सांगायची गरज नसते.

तिसरी पायरी : कुणाच्या हातात काय आहे

वर्ग, वेळापत्रक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह आणि इंटर्नल हे कॉलेजचं काम, म्हणजे प्राचार्यांचं. सत्रांत परीक्षेतला लेखनिक आणि जादा वेळ हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा विषय. तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात, म्हणून अर्ज कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जातो. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचा स्वतःचा परीक्षा विभाग असतो. पॉलिटेक्निकची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेतं. वैद्यकीय आणि नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहतो, म्हणून तुमच्या हॉल तिकिटावर कुणाचं नाव येणार आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

कॉलेजात ‘समान संधी कक्ष’ किंवा ‘दिव्यांग कक्ष’ असू शकतो. समन्वयक कोण ते शोधा. काही ठिकाणी त्या सरांनाच आपण समन्वयक आहोत हे तुमच्याकडून कळतं. तरी त्यांना भेटाच, कारण पुढे फोन करायला एक नाव लागतं.

चौथी पायरी : अर्ज

अर्ज प्रवेशानंतर लगेच द्या. परीक्षेच्या सोयींसाठीचा वेगळा अर्ज परीक्षेचा फॉर्म भरताना द्या. कमी दिसणाऱ्या विद्यार्थिनीचा नमुना देतो, आपल्यापुरता बदलून घ्या.

*प्रति,*
*मा. प्राचार्य,*
*(महाविद्यालयाचे नाव व गाव)*

*विषय : दिव्यांग विद्यार्थिनी म्हणून अध्यापन व अंतर्गत परीक्षेत आवश्यक सोयी मिळण्याबाबत.*

*महोदय,*

*मी प्रथम वर्ष कला वर्गात शिकत आहे (हजेरी क्रमांक …). मला अल्पदृष्टी असून माझा यूडीआयडी क्रमांक … असा आहे. मला फळ्यावरील मजकूर दिसत नाही व साधी छपाई वाचायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.*

*१. सर्व विषयांच्या नोट्स व प्रश्नसंच युनिकोडमधील फाइलच्या स्वरूपात मिळावेत.*
*२. अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत मिळावी.*
*३. अंतर्गत परीक्षेत प्रतितास २० मिनिटे जादा वेळ व लेखनिक घेण्यास परवानगी मिळावी.*
*४. परीक्षेची बैठक व्यवस्था तळमजल्यावर, पुरेसा उजेड असलेल्या खोलीत असावी.*

*वरील मागणी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीच्या तरतुदीनुसार आहे. आपल्या निर्णयाची प्रत मला व संबंधित विभागप्रमुखांना लेखी मिळावी.*

*सोबत : यूडीआयडी कार्डाची प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र, बोर्डाचे मंजुरीपत्र.*

*आपली विश्वासू,*
*(सही, नाव, मोबाइल क्रमांक, दिनांक)*

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून स्वतःकडे ठेवा. ‘ठेवून जा, देतो साहेबांना’ म्हणाले तरी हसून ‘भाऊसाहेब, तेवढा शिक्का द्या ना’ म्हणा. त्यात कुणी रागावत नाही. त्याच दिवशी अर्जाचा फोटो कॉलेजच्या ईमेलवर पाठवा. वैद्यकीय कागद बंद पाकिटात द्या आणि पाकिटावर ‘गोपनीय’ लिहा. खिडकीपाशी रांग लागलेली असताना आजाराचं नाव मोठ्यानं वाचलं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. मानसिक आजार असेल, तर गावात ती बातमी तुमच्या आधी पोहोचते.

पालकांसाठी एक ओळ. सोबत जरूर या, पण बोलू त्याला किंवा तिला द्या. वडील नाहीतर काका प्राचार्यांशी बोलतात आणि ज्याची गरज आहे तो दाराशी उभा राहतो. मग प्राचार्यांना नेमकी अडचण कळतच नाही. वडिलांना ती अर्धीच माहीत असते.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर आवक क्रमांक सांगून विचारा. मंजुरीचं पत्र मिळालं की त्याच्या चार-पाच प्रती काढा.

पाचवी पायरी : लेखनिक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लेखनिक स्वतः आणता येतो किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागता येतो. स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली असावं, असं २०१८ ची तत्त्वं सांगतात. निकष आणि नमुने बदलत राहतात, म्हणून विद्यापीठाचं चालू परिपत्रक ऑफिसमधून घेऊन त्यावरच बोट ठेवून चाला. लेखनिकाचं ओळखपत्र, फोटो आणि बोनाफाइड आधी लागतं. संस्थेनं दिलेला लेखनिक असेल, तर पेपरच्या दोन दिवस आधी त्याला भेटायची संधी मिळाली पाहिजे. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या, वेगळा लेखनिक घेता येतो, पण एका पेपरला एकच.

माणूस कुठे शोधायचा? जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे शिक्षक अकरावी-बारावीची मुलं सुचवतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारीही मदत करतात. अक्षर सुंदर असण्यापेक्षा वेगानं आणि ऐकलं तेवढंच लिहिणारा हवा. त्याच्या स्वतःच्या परीक्षांच्या तारखा आधी तपासा. आणखी एक मुलगा तयार ठेवा आणि त्याचे कागदही आधीच मंजूर करून घ्या. पहिला ऐन वेळी तापानं पडला की हा उपयोगी येतो. जाण्या-येण्याचं भाडं आणि जेवण तुम्ही करा.

भाषेकडे लोक दुर्लक्ष करतात. घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिली बोलणारा विद्यार्थी घाईत उत्तर सांगताना घरच्या वळणावर जातो. शहरातला लेखनिक मग अडखळतो आणि पुन्हा पुन्हा विचारत बसतो. शक्यतो तुमच्या बोलीशी कान जुळलेला मुलगा घ्या आणि जुनी प्रश्नपत्रिका घेऊन दोघांनी पूर्ण वेळ सराव करा. उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. नवा परिच्छेद, कंस, अधोरेखन हे सगळं तोंडानं सांगावं लागतं. आधी मुद्दे सांगायचे आणि मग वाक्यं, ही सवय लावली तर वेळ वाचतो.

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं आणि तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक न घेणाऱ्या, पण हळू लिहिणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही तो मागता येतो. त्याबरोबर एसटीचा विचार करा. दुपारी दोनचा पेपर पाचऐवजी सहाला सुटला, तर गावाकडची शेवटची मुक्कामी गाडी निघून गेलेली असते. जादा वेळ मंजूर असूनही गाडीसाठी अर्धा पेपर टाकून पळालेली मुलं मी पाहिली आहेत. सकाळच्या सत्राची विनंती करा. ती मान्य झाली नाही, तर शहरात नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात त्या दिवसांची सोय लावा.

पेपरच्या दिवशी अर्धा तास आधी जा. मंजुरीपत्राची एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि एक खोलीतल्या पर्यवेक्षकांना द्या. पर्यवेक्षक रोज बदलतात, म्हणून हे रोज करायचं. पेपर सुरू होतानाच ‘सर, माझा शेवट इतक्या वाजता’ असं बोलून घ्या. काही नाकारलं गेलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नका आणि पेपर सोडून उठू नका. समन्वयकांना बोलवायला सांगा, जमेल तेवढा पेपर लिहा आणि त्याच दिवशी काय घडलं ते लेखी देऊन पोच घ्या. त्या दिवसाच्या तारखेचा कागद नंतरच्या तक्रारीत फार वजनदार ठरतो.

नकार मिळाला तर

आधी नकार लेखी मागा. निम्म्या वेळा नकार लेखी द्यायची वेळ आली की त्याचा होकार होतो.

नेहमीची उत्तरं ठरलेली असतात. ‘आपलं कॉलेज विनाअनुदानित आहे.’ कायद्याचं कलम १६ अनुदान मिळणाऱ्या आणि शासनमान्य अशा दोन्ही संस्थांबद्दल बोलतं. ‘बाकीच्या मुलांवर अन्याय होईल.’ पात्र असलेलं दुसरं कुणी मागत असेल, तर त्यालाही मिळावं, एवढंच म्हणा. ‘असं आमच्याकडे कधी केलेलं नाही.’ कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. त्या पानाची प्रत जोडा.

तरीही हललं नाही, तर कॉलेज आणि विद्यापीठाच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जा, आणि त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. राज्य आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीची भाषा साधी ठेवा : काय मागितलं, कधी, आवक क्रमांक, उत्तर काय आलं. वकील हवा असेल, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. अर्जाचं पुढे काय झालं हे दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारातही विचारता येतं. मी मात्र ते शेवटी ठेवतो, कारण त्याच ऑफिसात तुम्हाला अजून तीन वर्षं जायचं आहे.

पैसा आणि प्रवास, थोडक्यात

महाडीबीटी पोर्टलवर दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची आहे. अर्ज भरण्याआधी एकाच वर्षी दोन्ही चालतात का, ते शिष्यवृत्तीच्या भाऊसाहेबांना विचारा. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते.

पुन्हा पुढच्या सत्रात

परीक्षेची मंजुरी एका सत्रापुरती आली असेल, तर पुढच्या सत्राचा अर्ज पुन्हा द्यावा लागतो. तो परीक्षा फॉर्मबरोबरच द्या. आधीच्या मंजुरीची प्रत लावली की काम लवकर होतं. विषय राहून एटीकेटी लागली असेल, तर त्या पेपरचा फॉर्म वेगळा असतो. त्याच्यासोबत लेखनिकाचा आणि जादा वेळेचा अर्जही वेगळा लावा. मागच्या वर्षीचा लेखनिक दरम्यान बारावी होऊन पदवीला गेला असेल, तर आता तो चालेल का, ते त्याच खिडकीवर विचारून घ्या.